आधी टाकी, मग चहा

चहाच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. कुठल्याही घरी गेलो की ओसरीवर टेकायच्या आधी त्या हात जोडून सांगायच्या, "चहा ठेवू नका. आधी टाकी बघू, मग चहा." घरातल्या बायका अवघडून जायच्या. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही, चहा विचारायचा नाही आणि थेट संडासामागं घेऊन जायचं, हे कुणालाच जमायचं नाही. पण बाई चुलीकडं जाणारा रस्ता अडवून उभ्या राहायच्या. आम्हाला त्यांनी कारण सांगून ठेवलं होतं.

"एकदा चहा घेतला की आपण पाव्हणं होतो. आणि पाव्हण्यानं कुणाच्या टाकीचं झाकण उघडायचं नसतं."

आम्ही म्हणजे एका संस्थेनं बारामतीत भरवलेल्या प्रशिक्षणाला आलेली मूठभर पोरंपोरी. घरोघरच्या सेप्टिक टाक्या आणि त्यांच्या भोवतालची माती तपासायला बाईंकडून शिकायचं होतं. सकाळी जीपमध्ये बसायचं, बारामती नाहीतर इंदापूर तालुक्यातलं एखादं गाव गाठायचं आणि दिवसभर लोकांच्या परसात वाकून उभं राहायचं. मी लोणी देवकरची. वडील तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाला. स्थापत्याची पदविका झाल्यावर मला हे काम मिळालं तेव्हा आईला आनंद झाला, पण नातेवाइकांना काय सांगायचं याचा तिला घोर लागला. शेवटी तिनं "पोरगी पाण्याच्या खात्यात हाय" असं सांगायला सुरुवात केली. मी हे बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "खोटं न्हाय काय. पुढं जाऊन ते पाण्यातच जातं."

बाई साठीच्या पुढच्या. उंचीनं कमी, अंगानं काटक. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पोरांचे खेळायचे बूट आणि ऊन असो की थंडी, डोक्याला मफलर. हातात एक लोखंडी सळई असायची. चालताना ती काठी व्हायची, टाकी शोधताना डॉक्टरांची नळी व्हायची. टाकी कुठं आहे हे पुष्कळ घरांत कुणालाच माहीत नसायचं. बांधणारा गवंडी वारलेला, त्यावर फरशी घातलेली, फरशीवर तुळस आलेली. बाई सळईनं जमीन ठोकत ठोकत, मान तिरकी करून चालायच्या आणि एका जागी थांबून म्हणायच्या, "हितं बोलती बघा." मग आम्ही तिथं ठोकून ऐकायचो. सुरुवातीला सगळीकडं सारखंच ऐकू यायचं.

नोकरीत असताना त्या जमीन सर्वेक्षणात होत्या. मूळच्या सुप्याकडच्या. साहेब लोकांशी पुस्तकातलं बोलायच्या, गावात गेलं की गावचं. घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्या घरचं जातं कुठं?" एका म्हाताऱ्यानं यावर बराच विचार केला आणि सांगितलं, "एक पुण्याला जातो, धाकटा हितंच असतो." बाईंनी मुलांची चौकशी पूर्ण केली, सुना कशा आहेत ते विचारलं आणि मग सावकाश संडासावर आल्या.

आमच्यासाठी त्यांचे तीन नियम होते. लोकांच्या घरी 'घाण' हा शब्द काढायचा नाही. नाकाला रुमाल लावायचा नाही. पहिल्याच दिवशी सुहासनं रुमाल काढला. सुहास म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात नाजूक मुलगा, इंदापूरचा. बाईंनी तो रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच रुमालानं स्वतःचा घाम पुसला आणि घडी करून त्याच्या खिशात परत ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ती माणसं आत्ता जेवून उठलीत. तू त्यांच्यासमोर नाक दाबलंस म्हणजे त्यांच्या ताटाला नाव ठेवलंस." तिसरा नियम सगळ्यात मोठा होता. काहीही झालं तरी टाकीत उतरायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला उतरू द्यायचं नाही. हा नियम त्या रोज सकाळी जीप सुरू व्हायच्या आधी आमच्याकडून म्हणवून घ्यायच्या, शाळेत प्रार्थना म्हणतात तसा. ड्रायव्हरलासुद्धा म्हणायला लावायच्या.

मातीवर मात्र त्यांचं मन रमायचं. मूठभर माती ओली करून तळहातावर वळायला लावायच्या. वळीच झाली नाही तर वाळूसर. वळी होऊन वाकवताना मोडली तर मधली. आणि वाकवून गोल बांगडी झाली तर चिकण, काळी. अशी एक बांगडी त्यांनी सुहासच्या मनगटात घातली आणि सांगितलं, "ही पाणी धरून बसणार, सोडणार न्हाय. हिच्यात शोषखड्डा केला तर त्याचं तळं होईल." सुहास ती बांगडी घालून दुपारपर्यंत फिरला, कारण काढायची की नाही ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

जमिनीत पाणी किती मुरतं ते बघायचं म्हणजे थांबायचं काम. खड्डा घ्यायचा, पाणी ओतून माती भिजू द्यायची, मग पुन्हा पाणी भरायचं आणि ते किती वेळात खाली जातं ते बघत बसायचं. आम्ही घड्याळ बघायचो. बाई पिशवीतून घरची भाजी काढून निवडायला बसायच्या. मुरमाड रानात लसणाची गड्डी सोलून व्हायच्या आत खड्डा कोरडा. काळ्या रानात मेथी निवडून व्हायची, गवार मोडून व्हायची, शेंगा फोडून व्हायच्या आणि पाणी तिथंच, वर ढग बघत. हळूहळू आम्हीही जमिनीला तीच नावं ठेवायला लागलो. हे लसणाचं रान, हे गवारीचं. एकदा पुण्याहून मोठे साहेब बघायला आले आणि त्यांनी सुहासला विचारलं, "इथं मुरण्याचा वेग काय आहे?" सुहास सावधान उभा राहून म्हणाला, "सर, दोन जुड्या मेथी." साहेबांनी "बरं" म्हणून मान हलवली आणि ते पुढच्या खड्ड्याकडं गेले. बाई दुसरीकडं तोंड करून बराच वेळ मफलर नीट करत राहिल्या.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. इंदापूरकडं एका पेरूच्या बागेत त्यांनी मूठभर माती उचलली, वास घेतला, वळून बघितली आणि आम्हाला तिथंच उभं करून त्या मातीचा सगळा जन्म सांगितला. हा खडक कसा झिजला, तो इथंच कसा साठला, या गावाला हे दान कसं मिळालं. आम्ही भारावून ऐकत होतो. बागेचा मालक बांधावर बसून ऐकत होता. सगळं संपल्यावर तो अदबीनं म्हणाला, "बाई, ह्यो गाळ हाय. उजनीतनं ट्रॅक्टरनं आणून टाकलाय. आमची खालची माती तांबडी." बाईंनी हातातली माती खाली टाकली, हात झटकले आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. दुपारी डबा उघडला. मग भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "माती खोटं बोलत न्हाय. माणसं माती हलवतात." त्यानंतर कुठल्याही बागेत शिरलं की आधी त्या विचारायच्या, "तुमची हाय का आणलेली?"

कन्हेरीचं एक घर मला विसरता येत नाही. उसाचं मोठं रान, दारात ट्रॅक्टर, माणसांचा राबता. घरातले वडीलधारे म्हणजे तात्या. पांढरंशुभ्र धोतर, आवाज मोठा. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर ते हसले.

"आमची टाकी बघून काय करताय? माझ्या वडलांनी बांधलीया. आजवर एकदा बी उपसायला लागली न्हाय. भरतच न्हाय. आख्ख्या गावात अशी टाकी सापडायची न्हाय तुमाला."

"कधीच भरली न्हाय?" बाईंनी विचारलं.

"कधीच न्हाय. दगडी काम हाय."

"घरात माणसं किती असतील?"

"लहानथोर धरून मोप हायेत. त्यात पाव्हणं-रावळं."

बाईंनी मान डोलावली. मग अगदी गरीब आवाजात विचारलं, "तात्या, एवढी माणसं, एवढी वर्षं. मग गेलं कुठं?"

"जिरलं आसंल."

"कुठं?"

घर उंचावर होतं. टाकी घराच्या मागं. तिथून जमीन उतरत खाली गेलेली आणि उताराच्या टोकाला, नारळाच्या दोन झाडांखाली, विहीर. आमच्यापैकी कुणीच तिकडं बोट केलं नाही. पण सगळे तिकडंच बघायला लागलो. नेमक्या त्याच वेळी तात्यांची मंडळी, काकू, कमरेवर कळशी घेऊन तो चढ चढून येत होत्या. सगळे आपल्याकडं का बघतायत ते त्यांना कळेना. त्यांनी टाकीकडं पाहिलं, बाईंच्या सळईकडं पाहिलं, मागं वळून विहिरीकडं पाहिलं. कळशी खाली ठेवली. तिच्यात वाकून बघितलं. मग ती उचलून कडेच्या केळीच्या बुंध्यात सावकाश रिकामी केली.

"अगं, काय करतीस?" तात्या म्हणाले. "वडलांच्या येळंपासनं हेच पाणी पितोय आपण."

"म्हणूनच ओतलं," काकू म्हणाल्या.

झाकण उघडलं तेव्हा आत खरंच फारसं काही नव्हतं. टाकीला तळच नव्हता. भिंती दगडी, सुरेख, आणि खाली मोकळी जमीन. तात्यांच्या वडलांनी जे केलं ते त्या काळच्या रीतीप्रमाणं केलं होतं, असं बाईंनी त्यांना नीट समजावलं. त्या वेळी घरात माणसं कमी होती, संडासात पाणीही तांब्याभर जायचं. तात्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला ते भलतंच निघाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. इतक्यात सूनबाई ट्रेमध्ये चहा घेऊन आली. सगळ्यांनी कपांकडं बघितलं, मग एकमेकांकडं. सुहासचा हात अर्ध्यावर थांबला. बाईंनी पहिला कप उचलला.

"उकळलाय ना चांगला?"

"व्हय," सून म्हणाली.

"मग घ्या रे," म्हणून बाईंनी फुरका मारला आणि तात्यांनाही एक कप हातात दिला. तात्यांनी तो घेतला. पुढं विहिरीचं पाणी तपासून झालं, ते पिण्याजोगं नाही असं कळलं. काकूंनी प्यायचं पाणी शेजारच्या वस्तीवरून आणायला सुरुवात केली आणि रोज कळशी घेऊन तात्यांच्या समोरूनच जायला लागल्या. उसाचं गाळप संपायच्या आत तात्यांनी तळ असलेली नवी टाकी बांधायला काढली. बांधकामावर ते स्वतः उभे होते.

बाईंच्या बारामतीच्या घरी आम्ही एकदा जेवायला गेलो होतो. त्यांचे यजमान, आमचे काका, निवृत्त शिक्षक. इतका शांत माणूस मी पाहिला नाही. जेवताना बाईंनी मैल्याच्या तीन थरांबद्दल बोलायला सुरुवात केली. वरची साय, मधलं पाणी, खालचा गाळ. काका वरण वाढत होते. ते म्हणाले, "वरणावर असतं तसंच समजा." बाई चिडल्या नाहीत. "अगदी तसंच," म्हणाल्या. नंतर बाई आत गेल्यावर काकांनी आम्हाला सांगितलं, की लग्न ठरताना मुलीकडचे त्यांचं घर बघायला आले तेव्हा मुलगीही हट्टानं बरोबर आली होती. त्या काळी अशी पद्धत नव्हती. सगळे बैठकीत बसले आणि मुलगी विचारते, परसदार कुठं आहे? "माझ्या आईला वाटलं, तिला जायचंय. तांब्या भरून दिला. ही तांब्या घेऊन गेली, सगळं हिंडून बघून आली आणि तांब्या तसाच भरलेला परत दिला. मग म्हणाली, इथं पाणी तुंबतं, पण दुरुस्त होईल. मला अजून कळलं नाही, ते कशाबद्दल म्हणाली होती."

आता ज्या दिवसामुळं मी बाईंबद्दल लिहायला बसले तो दिवस.

इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागेतलं घर. घरात आबा, त्यांचा मुलगा प्रकाश आणि आबांचे धाकटे भाऊ बापू. बापू लग्न न केलेले, अंगानं पैलवान, घरातलं कुठलंही अवघड काम असलं की हाक त्यांनाच. विहिरीत पंप अडकला की बापू, खांबावरची तार तुटली की बापू. आम्ही गेलो तेव्हा घरात गडबड दिसत होती, अंगण सारवलेलं, नव्या खुर्च्या मांडलेल्या. पण आम्हाला कुणी काही सांगितलं नाही आणि बाईंनी नेहमीसारखा चहा थांबवून मोर्चा मागं वळवला.

टाकी अंगणाच्या कडेलाच होती. झाकण सरकवलं. आम्ही मागं सरून उभे राहिलो. प्रकाशला या सगळ्याची भारी गंमत वाटत होती. तो मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, स्टेटसला ठेवायला. "हे बघा मित्रांनो" म्हणत तो टाकीवर वाकला आणि मोबाइल हातातून सुटला.

तो बुडाला नाही, तिथंच सगळं बिघडलं. टाकी बरीच वर्षं उपसलेली नव्हती आणि वरची साय इतकी घट्ट धरली होती, की मोबाइल तिच्यावर जाऊन अलगद बसला. वरून दिसत होता. दिवासुद्धा लागलेला दिसत होता. बुडाला असता तर प्रकाशनं हळहळून सोडून दिला असता. पण डोळ्यांसमोर दिसणारी वस्तू कोण सोडतं?

"थांब, काढतो," म्हणून बापूंनी अंगातला सदरा काढून खुर्चीवर टाकला. "शिडी आण रं प्रकाश."

"शिडी न्हाय आणायची," बाई म्हणाल्या. "आत उतरायचं न्हाय."

"बाई, हाय काय त्यात. छातीभर बी न्हाय. मी ह्याच्या दसपट खोल विहिरीत उतरतो."

"विहीर येगळी. हितं खाली हवा न्हाय, वायू हाय. माणूस खाली वाकतो आणि उठत न्हाय. त्याला काढायला दुसरा जातो, तो बी उठत न्हाय."

बापू हसले. बायकांना भीती वाटतेच, अशा समजुतीनं हसतात तसे. त्यांनी धोतर खोचलं, कडेला बसले आणि एक पाय आत सोडला.

पुढं काय झालं ते इतकं भरकन झालं, की मला ते तुकड्यातुकड्यानंच आठवतं. बाईंनी सळई फेकली. बापूंच्या दंडाला दोन्ही हातांनी धरून त्यांनी मागं ओढलं. त्यांच्या वजनाच्या दुप्पट माणूस, पण बेसावध होता, तो उताणा पडला. "सुहास, झाकण," एवढंच त्या म्हणाल्या. सुहासनं आणि मी मिळून झाकण ओढलं. बाईंनी अंगणातली एक नवी खुर्ची फरफटत आणली, झाकणावर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या.

"आता काढा," म्हणाल्या.

बापू उठून उभे राहिले. पाठीला सारवणाची माती लागलेली. संतापानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "म्हातारी बाई म्हणून गप बसतोय," ते म्हणाले. आबा मध्ये पडले, "बाई, उठा, मोबाइल महागाचा हाय, पोरगं रडकुंडीला आलंय." बाई उठल्या नाहीत. प्रकाशनं विनवलं, त्या उठल्या नाहीत. मग बाईंच्या खुर्चीखालून, झाकणाच्या आतून, दबलेल्या आवाजात हलगीचं गाणं वाजायला लागलं. प्रकाशच्या मोबाइलची घंटी.

आबांचा चेहरा एकदम उतरला. "अरं देवा, पाव्हणं."

तेव्हा आम्हाला कळलं. दौंडकडून मुलीचे आईवडील प्रकाशचं घर बघायला निघाले होते आणि फाट्यावर आलं की प्रकाशला फोन करणार होते. घंटी वाजून थांबली. पुन्हा वाजली. बाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. "फाट्यावर आलेत वाटतं," म्हणाल्या. "कुणीतरी गाडी घेऊन सामोरं जा."

प्रकाश मोटारसायकलवर धावला. आबांनी शेवटचा प्रयत्न केला. "बाई, पाव्हणं येत्यात. घराची अब्रू हाय. आत ओसरीवर बसा, पाया पडतो."

"बापूंना सदरा घालायला सांगा. ते घरात जाऊन बसले की उठते."

बापू सदरा घालायला तयार नव्हते. त्यांचाही आता हट्ट झाला होता. अशा रीतीनं मुलीकडची गाडी अंगणात आली तेव्हा एकीकडं उघड्या अंगानं बापू, एकीकडं मफलर गुंडाळून झाकणावर मांडी ठोकलेल्या बाई आणि मध्ये हात जोडून उभे आबा, असा देखावा होता.

मुलीचे वडील गांगरले. आई मात्र पुढं आली. तिनं बाईंना वाकून नमस्कार केला आणि आबांना विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या लांबच्या आत्या," आबा म्हणाले.

"मी कुणाची आत्या न्हाय," बाई म्हणाल्या. "मी हितं टाकी बघायला आलेय."

"आमी बी घरच बघायला आलोय," मुलीची आई म्हणाली. "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. काही झाकलं नाही. मुलीच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि बापूंकडं वळून विचारलं, "दादा, खरंच उतरत हुता?"

"त्यात काय एवढं," बापू पुटपुटले.

"मला बी बघायचंय, काय हाय आत," ती म्हणाली.

तेव्हा बाई उठल्या. आमच्याकडं वायू मोजायचं लहानसं यंत्र होतं. बाईंनी ते दोरीला बांधलं, सगळ्यांना मागं सरायला लावलं, झाकण वीतभर सरकवलं आणि दोरी खाली सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. बापूंच्या ओठावर हसू येत होतं. मग यंत्र ओरडायला लागलं. ते कर्कश होतं, आणि खोल आतून येताना तर एखादं जनावर अडकल्यासारखं वाटत होतं. बाईंनी ते बंद केलं नाही. ओरडू दिलं. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मुलीच्या वडलांनी टोपी काढून हातात घेतली. बापू यंत्राकडं बघत नव्हते. ते आपल्या उजव्या पायाकडं बघत होते, जो त्यांनी आत सोडला होता. मग त्यांनी खुर्चीवरचा सदरा उचलला आणि अंगात घातला.

मोबाइल काढायला आंबे उतरवायचा झेला आणला. लांब बांबू, टोकाला जाळी. दूर उभं राहून बापूंनीच तो सोडला आणि पहिल्याच झटक्यात मोबाइल जाळीत घेतला. मोबाइल चालू होता. त्यावर मुलीच्या वडलांचे न उचललेले फोन दिसत होते. तो हातात कुणी घ्यायचा यावर बराच वेळ गेला. मग पाहुणे, आम्ही आणि घरचे असे सगळे मिळून पोहे खाल्ले. बापू आले नाहीत. ते बागेत निघून गेले होते.

लग्न जमलं. आम्हाला पत्रिका आली. नवरी मला मांडवात म्हणाली, "आई घरी येऊन सांगत हुती, घर मधलंच हाय, पोरगा जरा उडाणटप्पू हाय, पण त्या घरात सांगितलेलं ऐकून सदरा घालणारा एक माणूस हाय." पंगतीत बापू स्वतः बाईंना वाढायला आले. जिलबीवर जिलबी वाढत राहिले, बाई नको नको म्हणत राहिल्या, आणि दोघांनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा बापूंनी बाईंकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. जीप बारामतीकडं निघाली. बाईंच्या कोपराला खरचटलं होतं, त्यावर त्यांनी मफलर बांधला होता. निमगाव केतकी मागं पडल्यावर सुहासनं धीर केला.

"बाई, एक विचारू? तुमच्या घरातलं कुणी असं... म्हणजे टाकीत कुणी गेलं होतं का?"

आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. एवढ्या त्वेषानं कुणी उगीच धावत नाही. बाई बाहेरच्या उसाकडं बघत राहिल्या. आम्ही तयार होऊन बसलो, आता त्या काहीतरी सांगणार म्हणून.

"न्हाय रे," त्या म्हणाल्या. "कुणी गेलं न्हाय. घरातलं न्हाय, गावातलं न्हाय. सगळे हेच विचारतात मला. कुणीतरी गेल्याशिवाय माणसानं धावायचं नसतं का?"

बाईंनी दुखरा हात मांडीवर नीट ठेवला आणि डोळे मिटले.

"आत्ता जेवायला बसला असंल बापू," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "प्रत्येक घासाला मला शिव्या घालत असंल. घालू दे."

जंक्शन गाव यायच्या आत त्या घोरायला लागल्या होत्या. ड्रायव्हरनं गाणी बंद केली आणि जीप हळू घेतली.